मिस्त्रीचं माप

वस्तीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. पोस्टमनसुद्धा पाकीट दाराखालून सरकवताना "मिस्त्री!" असंच ओरडायचा. फाउंड्री बंद पडून चौदा वर्षं झाली तरी मिस्त्री ते मिस्त्रीच राहिले. बाकीच्यांचं तसं झालं नाही. वाळूचे साचे करणारे मोल्डर होते ते रखवालदार झाले, भट्टीवाले होते ते हमाल झाले, आणि जे काहीच झाले नाहीत ते कोपऱ्यावर बसून एकमेकांचा रक्तदाब विचारू लागले. मिस्त्रीही खरं तर एका गाड्यांच्या तळावर पावत्या फाडत होते. पण तिथेसुद्धा गाडी लावणारे म्हणायचे, "मिस्त्री, जरा लक्ष ठेवा हं."

त्यांचं मूळ काम पॅटर्न करण्याचं. म्हणजे यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा. तो लाकडी पॅटर्न ओलसर वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ऐकायला सोपं आहे. गोम अशी की लोखंड निवताना लहान होतं, मीटरमागे सेंटीमीटरभर. म्हणून लाकूड तेवढं मोठं करावं लागतं. आता दर मापाला आकडेमोड कोण करत बसणार? त्यापेक्षा पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावर मीटर म्हणून जो कोरलेला असतो, तो जगाच्या मीटरपेक्षा एका सेंटीमीटरने मोठा. तिला ते वाढीची पट्टी म्हणत. टेबलावर तिच्या शेजारी साधी पट्टीही असे, आणि कुठली कधी उचलायची हे हाताला आपोआप कळे.

फाउंड्रीच्या शेवटच्या दिवशी मालकाने मोठं मन करून प्रत्येकाला एकेक हत्यार घरी न्यायची परवानगी दिली. सबंध आयुष्य घेतलं आणि एक हत्यार दिलं. मिस्त्रींनी वाढीची पट्टी उचलली. दीड मीटर लांबीची, पितळी, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेली. साधी पट्टी तिथेच राहिली. ती काय, कुठल्याही दुकानात मिळाली असती. पण मिस्त्रींनी ती कधी विकत घेतली नाही. घरात जे काही मोजायचं ते त्या पितळीनेच मोजलं जाऊ लागलं. चौदा वर्षं एकच पट्टी हातात असली की ती जगावेगळी आहे हे हात विसरून जातो. हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं.

कारण मिस्त्रींचं माप चुकत नाही, ही त्या वस्तीतली एकमेव गोष्ट होती जिच्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

वस्तीची दशा काय सांगावी? एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कामगारांच्या खोल्या, टोकाला फाउंड्री, आणि मधे एकेकाळी भरलेली दुकानं. फाउंड्री गेली आणि दुकानांची शटरं एकामागून एक खाली आली. खिडक्यांच्या फुटक्या काचांच्या जागी पुठ्ठे लागले. जी पोरं जाऊ शकत होती ती गेली. मग दोन-तीन वर्षांपूर्वी काहीतरी हललं. हजेरीच्या जुन्या खोलीत एकाने चहाचं दुकान टाकलं. ज्या खिळ्यांवर कामगारांचे बिल्ले लटकत त्यांवर त्याने कप लटकवले. एका बंद गाळ्यात सायकलदुरुस्ती आली, एकात मातीची भांडी करणारं जोडपं आलं. आणि रविवारी रविवारी शहराच्या चांगल्या भागातली माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून येऊ लागली. गंज बघायला! आयुष्यभर जो गंज घासून काढला, तो बघायला लोक पैसे भरून येतील असं कोणी म्हटलं असतं तर भट्टीवाल्यांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.

या माणसांना फिरवून आणायचं काम मिस्त्रींची मुलगी करायची. तिला सारी वस्ती ताई म्हणे. शिकून दुसरीकडे नोकरीला लागली होती, ती सोडून परत आली, आणि आईने चार दिवस डोकं धरून बसूनही तिने ऐकलं नाही. ती पाहुण्यांना भट्टी दाखवायची, वाळूचे ढीग दाखवायची, आणि शेवटी पॅटर्न शॉपमध्ये आणायची. तिथे मिस्त्री उभे असायचे. रविवारी ते तळावरून सुट्टी घेत, धुतलेला शर्ट घालत आणि मागे हात बांधून उभे राहत. "हे या फाउंड्रीतले शेवटचे पॅटर्नमिस्त्री," ती सांगायची, आणि पाहुणे असे बघायचे की मिस्त्रींच्या पाठीचा कणा दर रविवारी थोडा सरळ व्हायचा.

पॅटर्न शॉप ही एकच इमारत धड होती. वस्तीच्या कमिटीने ती मालकाकडून कराराने मिळवली होती. तिथे शिकवणीचा वर्ग काढायचा, तरुण मुलामुलींना लाकूडकाम आणि पॅटर्नचं काम शिकवायचं, आणि शिकवणार मिस्त्री, असा बेत होता. एक संस्था दोन वर्षं खर्च उचलायला तयार झाली होती. संस्थेच्या बाई एकदा येऊन मिस्त्रींचं बोलणं तासभर ऐकून गेल्या होत्या. फक्त इमारत बंदिस्त व्हायला हवी होती. बत्तीस मोठ्या खिडक्या होत्या आणि एकीलाही काच नव्हती.

काचेचं काम काचवालीला दिलं. ही बाई दोन वर्षांपूर्वी वस्तीत आली, एकटी, आणि भाड्याच्या गाळ्यात तिने काचेचं दुकान उघडलं. नवरा होता की नव्हता हे कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बोटांवर जुन्या कापल्याचे पांढरे वण, बोलणं मोजकं. आत्तापर्यंत आरसे आणि फोटोफ्रेमा यांवर तिचं कसंबसं चाललं होतं. बत्तीस खिडक्या म्हणजे तिच्या दुकानाचं भवितव्यच. हातात होतं नव्हतं ते सगळं घालून तिने मोठ्या काचा आणवल्या.

माप घ्यायला ती रविवारी आली. तेव्हा नेमके पाहुणे आत होते. तिने कमरेचा टेप काढला तसा टाइमकीपर पुढे झाला. हा फाउंड्रीत हजेरी लावायचा, आता कमिटीचा सेक्रेटरी होता, आणि हजेरी लावायची सवय काही गेली नव्हती.

"अहो बाई, मिस्त्री उभे असताना तुम्ही कशाला मोजता?"

"माझ्या कामाचं माप मी स्वतः घेते," काचवाली म्हणाली.

"घ्या की! पण दुसऱ्या कुठल्या कामाचं. इथं मिस्त्री मोजतील, तुम्ही लिहून घ्या." आणि पाहुण्यांकडे वळून, "यांचं माप आजवर केसभर चुकलेलं नाही बरं का."

पाहुण्यांनी कॅमेरे वर केले. मिस्त्रींनी मुलीकडे बघितलं. ती हसत होती. मग त्यांनी पिशवीतून पितळी पट्टी काढली. चौदा वर्षांत त्यांना इतकं सुख झालं नव्हतं, हे खरं सांगायला हवं. शिडीवर चढताना गुडघा दुखला नाही. पट्टी चौकटीला लावून ते आकडा मोठ्याने म्हणत, आणि खाली काचवाली तो वहीत उतरवून घेत होती. एकशे वीस. एकशे वीस. साठ. साठ. मधे एका पाहुणीने विचारलं की सगळ्यात मोठा पॅटर्न कुठला केला होता, तर त्यांनी शिडीवरूनच तिला दोन माणसांच्या उंचीच्या चाकाची सगळी हकीकत सांगितली. शेवटी काचवालीने वही पुढे केली आणि मिस्त्रींनी तिच्यावर सही ठोकली.

तीन आठवड्यांनी काचा आल्या आणि पहिलीच बसेना.

चौकटी जुन्या लोखंडी, खाच अरुंद. काच खाली टेकवली की वर बोटभर फट, वर सरकवली की खालून सुटते. दुसरी तशीच. तिसरी तशीच. लाकडी चौकटी असत्या तर पट्ट्या ठोकून वेळ मारून नेता आली असती, इथे तेही शक्य नव्हतं. माणसं जमली. टाइमकीपर धावत आला.

"कागदाप्रमाणे आहे," काचवाली म्हणाली. तिने टेप लावून दाखवला. "एकशे वीस बाय साठ. बघा."

"टेप कुठला आहे? बाजारातला? तुमचा टेपच खोटा असेल."

"मिस्त्री, तुमची पट्टी लावा," कोणीतरी म्हणालं.

मिस्त्रींनी काचेवर पितळी पट्टी ठेवली. ओणवे झाले, डोळा बारीक केला, अंगठ्याच्या नखाने रेघ धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे अठरा, आणि वर आठ रेघा." मग आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, जे पुढे त्यांना जन्मभर चावत राहिलं. "बाई, काच वाचवायला गेलात होय?"

काचवालीने त्यांच्याकडे बघितलं. ती रडली नाही की भांडली नाही. "मी कधी मापात मारलं नाही, मिस्त्रीकाका," एवढंच म्हणाली, आणि टेप कमरेला अडकवून निघून गेली. मागे लोक बोलत राहिले. बाहेरून आलेली माणसं अशीच असतात, आधीच सांगितलं होतं, वगैरे. कमिटीने ठरवलं की काचा परत करायच्या, एक पैसा द्यायचा नाही, आणि येत्या रविवारी संस्थेच्या बाईंसमोर काम दुसऱ्याला द्यायचं.

दुपारी मिस्त्री घरी येऊन जेवले आणि पलंगावर आडवे झाले. पलंग त्यांनी स्वतः केलेला होता, फाउंड्री सुटल्यावर बारा वर्षांपूर्वी. बायको खाली बसून शिवणयंत्रावर कोणाचा तरी पडदा शिवत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. काच किती आखूड, फट केवढी, हे बोट उभं करून दाखवलं.

"म्हणजे आपल्या गादीसारखंच झालं की," बायको म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

गादी आखूड होती. दुकानात एकशे नव्वद सांगून घेतलेली गादी एकशे नव्वदच्या पलंगावर घातली, तर पायाशी जवळजवळ दोन बोटं फळी उघडी. तिथे बायको बारा वर्षं जुनं लुगडं घडी करून ठेवत होती. मिस्त्री तेव्हा गादीवाल्याच्या दुकानात जाऊन चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलून आले होते, पुढे वर्षभर येईल जाईल त्याला सांगत होते की हा माणूस मापात मारतो. गादीवाला शेवटी वस्ती सोडून गेला. त्यांच्यामुळेच गेला असं नाही, गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. पण गेला तो खरा.

मिस्त्री उठून बसले. "तुझा टेप दे," ते म्हणाले.

शिवणकामाचा मऊ टेप होता. त्यांनी पितळी पट्टी जमिनीवर ठेवली आणि तिच्या कडेने टेप ताणून धरला. पट्टीवर शंभर होते तिथे टेपवर एकशे एक. त्यांनी टेप उचलून पुन्हा लावला. मग उलट्या बाजूने लावला. माहीत नव्हतं असं नाही हो! माहीत असलेली गोष्टच समोर येऊन उभी राहिली, हे जास्त वाईट. ते भिंतीला टेकून बसले. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, "तो गादीवाला... त्याची गादी बरोबर होती गं."

बायकोला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिने यंत्राच्या चाकावरचा हात काढला. "अगंबाई," ती म्हणाली. "आणि ती काचवाली?"

संध्याकाळी मुलगी आली. मिस्त्रींनी तिला पट्टी आणि टेप शेजारी ठेवून दाखवले. ती हुशार पोरगी, एका नजरेत कळलं. तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात बोलू लागली.

"बाबा, हे आत्ता कोणाला बोलू नका."

"अगं, पण तिचा संबंध नाही. तिचं दुकान बसेल."

"मला कळत नाही का? पण ऐका. संस्थेच्या बाईंनी पैसे इमारतीला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत. 'ज्यांचं माप चुकत नाही' असं त्यांनी त्यांच्या कागदात लिहिलंय. मीच सांगितलं होतं तसं. उद्या त्यांना कळलं की ज्याला मास्तर करायचं त्यानेच बत्तीस खिडक्या... तर वर्ग गेला. वर्ग गेला की करार गेला. मालक तिथे गोदाम करायला टपलेलाच आहे." तिने टेप गुंडाळून बाजूला ठेवला. "एकदा वर्ग सुरू होऊ दे. मग काचवालीला आपण काम देऊ. पाहुण्यांकडून मिळतं त्यातून देईन मी. फक्त आत्ता नको."

"ती तोवर टिकेल का?"

"बाबा, मी नोकरी सोडून आले ती कशासाठी?"

खरं सांगायचं तर त्यांनाही वर्ग हवा होता. हवा होता म्हणजे काय, तहानेने जीव जावा तसा हवा होता. चौदा वर्षं गाड्यांच्या पावत्या फाडल्या होत्या. उन्हात उभं राहून अठरा वर्षांच्या पोरांकडून "ए, बाजूला हो" ऐकलं होतं. आता कुठे कोणी त्यांच्या हातात पुन्हा पटाशी देणार होतं आणि समोर मुलं बसवणार होतं. ते गप्प राहिले. मूग गिळून बसणं सोपं असतं असं म्हणणाऱ्याने चार दिवस तसं बसून बघावं. घास तोंडात फिरायचा. तळावर त्यांनी एकाच गाडीला दोनदा पावती फाडली. बायकोने पायथ्याचं ते लुगडं काढून टाकलं होतं, आणि झोपताना टाच उघड्या फळीला लागायची.

गुरुवारी ते काचवालीच्या दुकानावरून मुद्दाम गेले. आत जाण्याचं धाडस झालं नाही. बत्तीस काचा भिंतीला टेकवून उभ्या होत्या आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शनिवारी गेले तेव्हा ती स्टुलावर चढून पाटी उतरवत होती. एक खिळा निघत नव्हता. मिस्त्री नकळत पुढे झाले आणि त्यांनी पाटीला खालून आधार दिला.

"दुकान बंद करताय?"

"गाळ्याचा मालक दुसरं गिऱ्हाईक बघतोय. मापात मारणारीकडे कोण येणार?" ती खिळा उपटत म्हणाली.

"बाई, त्या खिडक्या..." मिस्त्री म्हणाले.

"मी दुसऱ्या दिवशी जाऊन मोजल्या खिडक्या. एकशे एकवीसच्या वर आहेत." ती खाली उतरली. "टाइमकीपरना सांगितलं. ते हसले. म्हणाले, मिस्त्रींचं माप चुकेल होय? मग मीही सोडून दिलं. कोणाकोणाशी भांडू?" तिने पाटी त्यांच्या हातातून घेतली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

रविवारी पॅटर्न शॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. संस्थेच्या बाई पुढे बसल्या होत्या, कमिटी होती, निम्मी वस्ती होती, मागे आठ-दहा पाहुणेही थांबले होते. काचवालीला टाइमकीपरने बोलावून घेतलं होतं, कारण त्याला सगळं रीतसर हवं असे. ती दाराशी उभी होती. टाइमकीपरने काच प्रकरण वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "तर बाईंच्या या चुकीमुळे..."

"चूक माझी आहे," मिस्त्री म्हणाले.

ते उभे राहिले होते. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. "माप मी चुकलो. मी वाढीच्या पट्टीने मोजलं. काचवालीने कागदाप्रमाणेच कापलंय. तिची काहीही चूक नाही."

आणि मग काय व्हावं? टाइमकीपरचे डोळे पाणावले. "बघा," तो संस्थेच्या बाईंना म्हणाला, "याला म्हणतात माणूस! एका बाईचं दुकान वाचावं म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतायत." कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मागे पाहुण्यांनीसुद्धा. संस्थेच्या बाई मान हलवत हसल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या.

"अहो, खरं सांगतोय मी!" मिस्त्री ओरडले. टाळ्या आणखी वाढल्या. त्यांनी आयुष्यभर कमावलेलं नाव त्यांचा एक शब्दही बाहेर पडू देत नव्हतं. दाराशी काचवाली जायला वळली होती. मिस्त्रींना वाटलं, आता ही गेली की संपलं. मग मी मरेपर्यंत मोठ्या मनाचा माणूस म्हणून जगणार.

ते खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि त्यांनी तिच्या कमरेचा टेप मागितला. तिने दिला. तो घेऊन ते मुलीसमोर आले.

"तू मोज," ते म्हणाले.

मुलगी हलली नाही. ती बापाकडे अशी बघत होती की मिस्त्रींना वाटलं, आपण हिचा गळा दाबतोय. संस्थेच्या बाई बघत होत्या. ती नाही म्हणू शकली असती. आकडा खोटाही वाचू शकली असती, तपासायला कोण जाणार होतं? तिने टेप घेतला. सगळ्यात जवळच्या खिडकीशी गेली, चौकटीत खालपासून वरपर्यंत टेप लावला, आणि गरजेपेक्षा खूप जास्त वेळ तशीच उभी राहिली.

मग दर रविवारी पाहुण्यांना सांगते तशा खणखणीत आवाजात तिने वाचलं, "एकशे एकवीस, वर दोन रेघा." आणि जरा थांबून, "वहीत एकशे वीस आहे. खाली माझ्या वडिलांची सही आहे."

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाइमकीपरने हातातल्या कागदाची घडी केली. संस्थेच्या बाईंनी वही मिटली, अगदी हळूच, आणि "आम्ही कळवतो" म्हणाल्या. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी कळवलंही, या वर्षी जमणार नाही, असं.

काचवालीने पाटी परत लावली. कमिटीने तिची माफी मागितली, म्हणजे टाइमकीपर एकदा दुकानासमोर जाऊन खाकरून आला. वर्गाच्या टेबलांसाठी राखून ठेवलेल्या पैशांतून पहिल्या काचांचं मोल दिलं गेलं, आणि त्या कापून वस्तीतल्या खोल्यांना बसवायचं ठरलं. पुठ्ठे निघाले. मिस्त्रींच्या घरीही दोन बसल्या. शेजारणींना घरात उजेड आल्याचा आनंद झाला, पण त्याबद्दल कोणी मिस्त्रींचं नाव काढलं नाही. कोणी त्यांना टोचूनही बोललं नाही. कोपऱ्यावरून जाताना बोलणं थांबायचं, एवढंच. पोस्टमन पाकीट टाकताना आता "काका!" म्हणायचा.

मालकाने कराराची मुदत सहा महिने वाढवली, तीही मुलीने त्याच्या दारात चार वेळा बसून. तेवढ्यात इमारत बंदिस्त झाली नाही तर गोदाम. मुलगी घरी यायची, जेवायची, आईशी बोलायची. बापाला वाढायचीसुद्धा. त्यांच्याकडे न बघता वाढायची. त्यांनी एकदा "बाळ" म्हणून हाक मारली तर "हं" म्हणाली, आणि ते पुढचं विसरले.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी काचवाली त्यांच्या दारात आली. कमिटीने काम तिच्याकडेच ठेवलं होतं.

"एकटीला टेप पुरत नाही," ती म्हणाली. "मला टोक धरायला माणूस हवाय. पैसे नाही देता येणार."

"मी?" मिस्त्री म्हणाले.

"बाकी कोणी येत नाही. रविवार आहे."

ते गेले. धुतलेला शर्ट घातला नाही. पॅटर्न शॉपमध्ये ती शिडीवर चढली आणि ते खाली चौकटीच्या कोपऱ्यात टेपचं टोक अंगठ्याने दाबून बसले. पहिल्याच खिडकीला त्यांच्या तोंडून आकडा निघू पाहत होता, वरून तिने वाचायच्या आधीच. त्यांनी ओठ मिटले.

"हलवू नका," ती म्हणाली.

"नाही हलवत."

चौथ्या की पाचव्या खिडकीला मुलगी पाहुण्यांना घेऊन आत आली. एकाने ओणव्या म्हाताऱ्यावर कॅमेरा रोखला. "इथे काम चालू आहे," मुलगी म्हणाली, "आपण पुढे जाऊ." पावलं बाहेर गेली. मिस्त्रींनी मान वर केली नाही, कारण मान वर केली असती तर टोक हललं असतं.

बत्तीस खिडक्या व्हायला संध्याकाळ झाली. काचवालीने प्रत्येक आकडा दोनदा मोजला, दोनदा वहीत लिहिला, आणि त्यांना एकही विचारला नाही.